सिपन्याच्या डोहाकाठी

मेळघाटात मुक्कामाला निघालेल्या माणसानं तंबू घरीच ठेवावा. व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल त्या वळणावर, नदीच्या वाळूत तंबू ठोकून राहता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते. रात्र काढायची तर वनखात्यानं नेमून दिलेल्या जागीच काढायची. आमच्या मित्रानं खास या प्रवासासाठी मागवलेला तंबू परळीहून डिकीत घातला होता, तो घडी न मोडता परत आला. त्याची चुटपूट मित्रालाही फार वेळ लागली नाही. कारण खात्यानं नेमून दिलेल्या जागा भलत्याच चांगल्या आहेत, आणि त्यांत माझ्या मते पहिला मान कोलकासचा.

कोलकास म्हणजे सिपना नदीच्या एका मोठ्या वळणावर, उंच दरडीच्या माथ्यावर वसलेलं विश्रामगृह, भोवती थोड्या खोल्या, एक उपाहारगृह आणि वनकर्मचाऱ्यांची वस्ती. संपलं. बाजार नाही, दुकानांची रांग नाही. अलीकडचं सेमाडोहचं पर्यटन संकुलही सिपन्याच्याच काठावर आहे, ते मोठं आहे, सहलीची बस उतरवायला सोयीचं आहे. पण ज्यांना माणसांपासूनच थोडं लांब जायचं आहे त्यांनी सेमाडोहला चहा प्यावा आणि पुढं निघावं.

परळीहून मेळघाट जवळ नाही. गंगाखेड, परभणी, हिंगोली, वाशीम, अकोला अशी ही वाट. परळी वैजनाथ स्थानकातून निघणारी रेल्वेही परभणी आणि पूर्णा जंक्शनवरून याच अंगानं अकोल्याला पोचते. एके काळी हा सगळा मीटरगेजचा मुलूख होता. पूर्णा, हिंगोली, अकोला करत मीनाक्षी एक्स्प्रेस पुढं मेळघाटाच्या डोंगरातून खंडव्याला आणि तिथून राजस्थानात जायची. आता आकोटपर्यंत रूळ रुंद झाले आहेत. आकोटच्या पुढचा, जंगलातून जाणारा मीटरगेजचा तुकडा मात्र २०१७च्या सुरुवातीला बंद झाला. त्याच जागी रुंद मार्ग टाकायचा की जंगलाला वळसा घालून न्यायचा यावर बरीच वर्षं वाद चालला. माझं मत विचाराल तर वळसाच बरा, जरी जुन्या गाडीच्या खिडकीतून वाण रोडसारखी स्थानकं पाहिलेली माणसं अजून हळहळत असली तरी. हो, वाण. आमच्या परळीला पाणी पाजणारी नदीही वाणच. तिच्यावरचं धरण नागापूरला आहे. मेळघाटातली वाण पूर्णेमार्गे तापीला जाते, आमची गोदावरीच्या खोऱ्यातली. दोघींचा काही संबंध नाही, पण पाटीवर नाव वाचलं की परळीच्या माणसाची मान वळणारच.

अकोला सोडलं की आकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, त्यामुळे हा टप्पा पहाटे उरकलेला बरा. अंजनगावच्या शिवारात पानमळे दिसतात, पानपिंपरीचे वेल दिसतात. परतवाड्याच्या आसपास संत्र्याच्या बागा सुरू होतात. परतवाडा हे जंगलाचं दार आणि सागवानाची जुनी बाजारपेठ. किराणा, औषधं, पेट्रोल, रोख पैसे, घरी करायचा फोन, जे काही उरकायचं ते इथंच उरकावं. पुढं घाट लागला की मोबाइलची रेंज जाते, आणि ती येईल या भरवशावर काहीही ठेवू नये.

घटांगच्या घाटात जंगल अंगावर येतं, पण वैशाखातलं सागवन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांचा इथं हिरमोड होतो. पानं गळून खाली करकरीत थर झालेला, झाडं उभी राखाडी, डोंगराची कड आरपार दिसते. मित्राचा मुलगा आठवीतला. त्यानं विचारलं, ‘काका, जंगल कुठाय?’ मी त्याला नदी येईपर्यंत थांब म्हटलं.

नदी आली ती हिरव्या पट्ट्याच्या रूपानं. उघड्याबोडक्या उतारांच्या तळाशी अर्जुनाची पांढऱ्या बुंध्यांची उंच झाडं, जांभळं, करंज, मधूनच आंबा. या झाडांची मुळं थेट ओलीत असल्यानं त्यांना ऋतू फारसा विचारत नाही. कोलकासच्या दरडीवर उभं राहिलं की खाली सिपन्याचं वळण दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की नदी आटली आहे. पात्रभर काळे गोटे, वाळूचे पट्टे, आणि वाहतं पाणी कुठंच नाही. मग नजर सरावते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कातळाच्या पायथ्याशी, गडद हिरवा लांबट डोह दिसतो. त्याच्या पलीकडं थोड्या अंतरावर दुसरा. उन्हाळ्यातला सिपना असा सुटा सुटा असतो, आणि या काळात नदीकाठी मुक्काम करायचा म्हणजे खरं तर डोहाकाठी मुक्काम करायचा.

मेळघाट सातपुड्याच्या गाविलगड रांगेत येतो. दगड आपल्या बालाघाटासारखाच, काळा बेसाल्ट. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या इथल्या पाच नद्या तापीला मिळतात. पावसाळ्यात त्या रोंरावत जातात आणि वळणावळणाला कातळ कोरून खड्डे पाडतात. पूर ओसरला की पाणी या खड्ड्यांत अडकतं. पण नुसता खड्डा असून भागत नाही, चार महिन्यांच्या उन्हात तो केव्हाच कोरडा झाला असता. वरच्या उतारांवर झाडोरा आणि पाचोळा आहे म्हणून मुरलेलं पाणी सावकाश झिरपत राहतं. पात्रात वाळू आहे म्हणून ते पाणी उन्हापासून लपून एका डोहातून दुसऱ्या डोहापर्यंत सरकतं. काठावर सावली आहे, आणि कुणाची मोटार नदीत सोडलेली नाही. ही शेवटची गोष्ट लिहायला अगदीच साधी वाटते, पण तिच्यावाचून बाकीच्या तिन्ही वाया जातात.

दुपार कलल्यावर खाली उतरायची परवानगी मिळाली, तीही वनखात्याचा माणूस बरोबर असेल तरच. आमच्याबरोबर आलेला तरुण कोरकू होता, जवळच्याच गावचा. हातात काठी, कमरेला कोयता, पायात रबरी चपला. पात्रात उतरल्यावर त्यानं आधी आम्हाला गप्प उभं केलं आणि स्वतः वाळूवरचे माग बघत एक फेरी मारली. सांबराचे खूर, मोराची पावलं, रानडुकरांनी उकरलेली कड. एका जागी अस्वलाचा पंजा उठला होता, मागचा, माणसाच्या अनवाणी पावलाच्या इतका जवळचा की मुलगा दचकलाच. ‘कालचा हाये,’ तो म्हणाला. कशावरून, तर पंज्याच्या कडांवरून वाळूचे कण आत ढासळले होते आणि त्यावरून एक मुंग्यांची वाट गेली होती.

डोहाचं पाणी पानं कुजून चहाच्या रंगाला आलेलं. प्यायचं म्हटलं तर धीर होईना. त्यानं डोहाकाठापासून पाचेक पावलं अलीकडं येऊन वाळूत बसकण मारली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला. वरची वाळू पांढरी, कोरडी. वीतभर खाली ती करडी झाली, आणखी खाली गेल्यावर मुठीत गोळा होऊ लागली. कोपरभर खड्डा झाला तसं तळाशी गढूळ पाणी जमलं. ते त्यानं ओंजळीनं उपसून लांब फेकलं. पुन्हा जमलं, पुन्हा फेकलं. तिसऱ्या खेपेला वर आलेलं पाणी नितळ होतं, तळातले वाळूचे कण त्यात हलताना दिसत होते. कडा ढासळू नयेत म्हणून त्यानं भोवती चार गोटे रोवले आणि सागाच्या वाळक्या पानाचा द्रोण करून पाणी काढलं.

‘ते पाणी जनावराचं, साहेब. आपलं इथं निघते.’

झिरा हा काही मेळघाटातला शोध नव्हे. गोदाकाठच्या गावांतून साठी ओलांडलेल्या कुणाही बाईला विचारा, उन्हाळ्यात घागर घेऊन पात्रात जाणं, वाटीनं झिऱ्यातलं पाणी भरणं आणि पुढचीचा नंबर लागेपर्यंत बोलत बसणं तिला ठाऊक असतं. मित्राच्या मुलाला मात्र ते जादूसारखं वाटलं, आणि त्याच्या बापाला ते समजावून सांगावं लागलं याचं मला वाईट वाटलं. आमच्याकडं झिरा खणायला वाळू उरली कुठं? गोदावरीच्या पात्रातून ती हायवांत भरून गेली, लिलावानं जेवढी गेली त्याहून अधिक बिगरलिलावाची गेली. उरला तो चिखल आणि उघडा खडक. त्यावर पाणी थांबत नाही, वाहून तरी जातं नाही तर तापून उडून. परळीत आम्हाला पाणीटंचाई म्हटलं की पाऊस आठवतो. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्यावाचून औष्णिक विद्युत केंद्राचे संच बंद ठेवावे लागले, कारण गोदावरीवरचा खडक्याचा बंधारा आटला होता. पाऊस कमी झाला होता हे खरंच. पण बंधाऱ्याच्या वर आणि खाली नदी म्हणून जे काही असायला हवं होतं, ते कधीपासून नाही याचा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. सिपन्याच्या वाळूत कोपरभर खड्डा बघताना हे मनात येत होतं, आणि मी ते तिथल्या तिथं बोलूनही दाखवलं. मित्र म्हणाला, ‘सुट्टीवर आलोय ना आपण?’

दिवस मावळायच्या आत वर यायचं, हा नियम. यात कुणालाही सूट नसते आणि नसावी. तासाभरात कारण समजतं. दरडीच्या कठड्याशी बसून राहिलं की समोरच्या काठावर हालचाल सुरू होते. आधी वानरं उतरली, घाईघाईनं पाणी पिऊन पुन्हा झाडांवर गेली. मग एक सांबरीण पिलासह आली. झाडीतून बाहेर पडायला तिनं एवढा वेळ घेतला की आमचे डोळे दुखायला लागले. एक पाय पुढं, मान वर, कान फिरवले, पाय मागं. अखेर पाण्यापर्यंत पोचली तेव्हा पिलू आधी प्यालं. अंधार पडता पडता रानगव्यांचा एक छोटा कळप आला तो मात्र बिनधास्त. पायांत पांढरे मोजे, बाकी सगळं अंग काळोखात मिसळलेलं, त्यामुळे बराच वेळ आम्हाला पाण्याकाठी फक्त मोजेच चालताना दिसत होते.

शेकोटी मागू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. जाळरेषा काढलेल्या असतात, माणसं पाळतीवर असतात, आणि पाचोळ्याचा तो करकरीत थर एका ठिणगीची वाट बघत पडलेला असतो. आठवीतल्या मुलाची कॅम्पफायरची हौस तशीच राहिली. गाणी लावायलाही बंदी आहे. ही बंदी नसती तर मी कोलकासचं नाव कुणाला सुचवलं नसतं.

जेवण साधं. भाकरी, वरण, भात, एखादी भाजी, ठेचा. तेही आधी सांगून ठेवावं लागतं, कारण सामान परतवाड्याहून नाही तर धारणीहून येतं. मेळघाटातल्या गवळी समाजाकडं म्हशी आणि गाई पुष्कळ. त्यांचा खवा आणि रबडी चिखलदऱ्याच्या वाटेवर मिळते, ती सोडू नये. कोरकूंच्या घरी कुटकीचा भात होतो, तो मात्र उपाहारगृहात मिळण्याची आशा धरू नये. कुणी घरी बोलावलं तरच.

रात्री झोप लागायला वेळ लागतो. दिवसभर तापलेला काळा दगड अंधार पडल्यावरही तासन् तास उष्णता सोडत असतो. नदीकडून गारवा येतो तो उशिरा, मध्यरात्र उलटल्यावर. तोवर ऐकत पडावं. रातवा बोलतो तेव्हा कॅरमची सोंगटी फळीवर टाकावी आणि ती टकटक करत थांबत जावी तसा आवाज होतो. एकदा पलीकडच्या उतारावरून सांबराचा ‘ढांक्’ आला, थोड्या वेळानं पुन्हा आला, आणि वानरांनीही खाकरून त्याला दुजोरा दिला. बिबट्या असेल, वाघ असेल. ओट्यावर येऊन उभा राहिलेला तो कोरकू तरुण हलक्या आवाजात एवढंच म्हणाला, ‘कुला.’ त्यांच्या भाषेत वाघ. आमच्या दृष्टीस काही पडलं नाही. मेळघाटात वाघ दिसणं ताडोबाइतकं सोपं नाही. जंगल डोंगराळ आहे, दऱ्या खोल आहेत आणि जिप्सीतून दिसतो तो जंगलाचा अगदी थोडा भाग. वाघासाठीच येणाऱ्यानं ताडोब्याला जावं. इथं येऊन तो दिसला नाही म्हणून कर्मचाऱ्यांवर चिडणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांची मला लाज वाटते.

सकाळी पक्षी मात्र भरपूर. डोहावर खंड्या, झाडोऱ्यात स्वर्गीय नर्तक, उंबरावर राखी धनेश. मेळघाटातला मानाचा पक्षी रानपिंगळा. छोटं घुबड, पण दिवसाही हिंडणारं. एकोणिसाव्या शतकानंतर त्याचा खात्रीशीर पत्ता लागत नव्हता, तो संपलाच असं धरून चालले होते. १९९७ साली नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ अमेरिकी पक्षितज्ज्ञांना तो पुन्हा सापडला, आणि पुढं मेळघाटातही चांगल्या संख्येनं असल्याचं दिसलं. जुन्या सागाच्या ढोलीत राहतो, उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. आम्हाला एक दिसला तो रस्त्याकडेला, बऱ्यापैकी जवळून. साधा पिंगळा म्हणून आम्ही पुढं गेलो असतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद आणि पोट पांढरं, हे वाटाड्यानं बोट करून दाखवलं तेव्हा कळलं. दुर्बीण न्यावीच.

या शांततेला एक किंमत आहे, आणि ती प्रवाशानं मोजलेली नाही. १९७३-७४मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. पुढं गाभ्यातली गावं बाहेर काढायचं ठरलं. बोरी, कोहा, कुंड ही आधी उठली, नंतर आणखी. गावं उठलेल्या माळांवर आता गवत माजलं आहे आणि त्यावर गवे चरतात, हे डोळ्यांना फार छान दिसतं. पण आकोटकडं वसवलेल्या काही गावांतली माणसं कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणत जंगलात परतली, आणि २०१९च्या जानेवारीत त्यांची वनखातं व पोलिसांशी धुमश्चक्री झाली. धारणीच्या बाजूला बैरागड आहे, जिथं डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी कुपोषणाच्या आणि बालमृत्यूंच्या काळात दवाखाना चालवला. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. सेमाडोह ते धारणी या एकाच रस्त्यावर वाघाचं जंगल, ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलेलं हरिसाल आणि रोजगाराच्या शोधात उन्हाळ्यात निघालेल्या माणसांनी गच्च भरलेल्या एसट्या, असं सगळं एकापाठोपाठ भेटतं. कोलकासवरून धारणीपर्यंत एक चक्कर मारून यावी, हे माझं आग्रहाचं सांगणं. नाही तर मेळघाट म्हणजे एक वळण आणि एक डोह एवढंच बघून परत येणं होतं.

आता व्यवहाराचं. राहण्याचं आणि सफारीचं आरक्षण व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून होतं. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. ओळखपत्र प्रत्येकाचं हवं. विजेरी, डासांचं मलम, जाड तळव्यांचे बूट, पाण्याचे मोठे डबे आणि ओढायला एक चादर एवढं न्यावं. कोलकासला खात्याच्या हत्तिणी आहेत, हत्तीवरून फेरीची सोय चालू आहे का हे आधी विचारून घ्यावं. चांदणी रात्र ज्यांना हवी त्यांनी बुद्धपौर्णिमेचा विचार करावा: त्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून प्राणिगणना होते आणि तीत हौशी लोकांनाही, नाव नोंदवून, शुल्क भरून, सामील होता येतं. त्या रात्री मचाणावरून सकाळपर्यंत खाली उतरायचं नसतं, हे मात्र घरून निघतानाच मनाशी पक्कं करावं.

मित्राच्या मुलानं पुढच्या वैशाखासाठी मचाणाचं ठरवून टाकलं आहे. त्याच्या बापानं त्या आधी दिवाळीत नागापूरच्या धरणाखाली वाणेच्या पात्रात कुठं वाळू शिल्लक आहे का ते बघून यायचं कबूल केलं आहे. तंबू तिथं ठोकायला वनखात्याची परवानगी लागत नाही.